निघणारा दगड

खाण अजून किती वर्षं चालेल, हे आप्पांनी मला विचारलं तेव्हा मी पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आप्पा म्हणजे माझे वडील. त्याआधी त्यांनी मला अभ्यासातलं काही विचारल्याचं आठवत नाही. परीक्षा कधी आहे आणि हॉस्टेलवर जेवण नीट मिळतं का, एवढंच विचारायचे. त्यामुळे त्या प्रश्नाचा मला फार आनंद झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या आनंदाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं पाऊण तासावर. खाली वडगाव रासाईकडे भीमेच्या काठानं ऊस आहे, बागायत आहे. आम्ही वरच्या माळावरचे. आजोबा मेंढरं राखायचे. पुढे मेंढरं गेली, माळावर दगडाची खाण सुरू झाली आणि आप्पा तिथे कामाला लागले. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडलेला असतो आणि त्याच्या नळीला जड ड्रिल. ते दोन्ही हातांनी दगडावर दाबून धरायचं आणि खाली खाली होल मारत जायचं. होलात सुरुंग भरणारा माणूस वेगळा, फुटलेला दगड क्रशरला नेऊन खडी करणारे वेगळे. आप्पा फक्त होल मारायचे. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी तेच केलं होतं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या राखाडी भुकटीनं माखलेल्या असायच्या. तोंडाला ते उपरणं बांधत, तरी खोकला होताच. त्या खोकल्याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नव्हतं, कारण खाणीवरच्या सगळ्यांनाच तो होता.

त्या वर्षी होळीच्या आधी मामा आले. ते आईचे थोरले भाऊ. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करतात. चहा होईपर्यंतसुद्धा त्यांना धीर नव्हता.

"दाजी, आमच्या कंपनीत माळ्याची जागा निघालीय. कॉन्ट्रॅक्टरकडून हाय, पन पीएफ हाय, मेडिकल हाय. झाडांना पानी द्यायचं, लॉन कापायचं. धूळ न्हाई, काय न्हाई."

"आन् मी तिथं काय करू, पाव्हणं? झाडाला होल मारू?"

"हसू नका. पंचेचाळीसच्या आतला मानूस पायजे त्यांना. तुमचं आधार आना बरं हिकडं."

आधारवर आप्पांची जन्मतारीख एक जून आहे. आमच्याकडे त्या वयाच्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचाच असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकलेली. त्या कागदाप्रमाणे आप्पा येत्या जूनला पंचेचाळीस पूर्ण करणार होते. म्हणजे जायचं तर तीन महिन्यांच्या आत. पगार खाणीपेक्षा कमी मिळणार होता आणि माझं हॉस्टेल, बहिणीची दहावी समोर होती. आप्पांनी लगेच हो म्हटलं नाही.

मामा गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "तू दगडाचंच शिकतोस नव्हं?"

"व्हय. जिऑलॉजी."

"मग आपल्या खानीत अजून किती वर्षांचा दगड हाय, ते काढता येतंय का? धा-बारा वर्षांचा आसंल तर हातचं काम कशाला सोडायचं? तवर तू कुठंतरी लागशील. आन् दोन-चारच वर्षं आसंल, तर आत्ताच गेल्यालं बरं. मागनं मला कोन घेतंय?"

मी म्हणालो, काढता येतं. खरं तर ते मी तोवर फक्त वर्गात, फळ्यावर पाहिलं होतं.

अमावास्येला खाण बंद असते. त्या दिवशी ड्रिलला हात लावायचा नाही, नारळ फोडायचा आणि घरी जायचं, असा रिवाज आहे. मला मोजायला तो दिवस बरा पडला. टेपचं एक टोक आप्पांनी धरलं, दुसरं मी. खाणीच्या चारी बाजू आम्ही फिरलो. नारळ फोडून परत निघालेले तात्या वाटेत थांबले. सुरुंग भरायचं काम त्यांचं, आप्पांचे जुने सोबती.

"सायब, काय चाललंय?"

"दगड मोजतोय, तात्या. किती उरलाय ते बघतोय."

"मग आमची हाडं बी मोजून टाका हातासरशी. दगड आधी संपतोय का आमी, ते तरी कळंल."

आप्पा हसता हसता खोकले आणि टेप हातातून सुटला. तो मला पुन्हा धरावा लागला.

लांबी-रुंदी मिळाली. खोली कशी काढायची हा प्रश्न होता. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. तो लागला की खाणीचं काम अवघड होतं, कारण लाल माती मिसळलेली खडी बांधकामावर कोणी घेत नाही. शेठनं म्हणजे खाणमालकानं पूर्वी उत्तरेच्या कोपऱ्यात पाण्यासाठी बोअर मारला होता. तेव्हा आप्पा तिथे उभे होते आणि वर येणारी भुकटी त्यांनी पाहिली होती.

"साठ फुटापत्तर काळाच आला," ते म्हणाले. "मग लाल."

मी वहीत साठ लिहिलं. मग क्षेत्रफळ गुणिले खोली केलं आणि आधीच काढून झालेला खड्डा त्यातून वजा केला. रोज क्रशरला किती खेपा जातात ते आप्पांनी सांगितलं. पावसाळ्यातले बंद महिनेही मी सोडायला विसरलो नाही, आणि त्याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तीनदा गणित करून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

"अकरा वर्षं, आप्पा."

"अकरा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लिवून दे."

मी रेघी कागदावर सगळं नीट मांडून खाली उत्तर लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकट केली. आप्पांनी तो कागद घडी करून आधार कार्डाच्या पिशवीत ठेवला. लगेच मामांना फोन लावला. "पाव्हणं, आमच्या पोरानं हिशोब काढलाय. अकरा वर्षं खान चालतीया. तुमची झाडं ऱ्हाऊ द्या."

फोनचा आवाज मोठा होता, मामांचं बोलणं मला ऐकू आलं. "दाजी, दगडाचं काढलंय त्यानं. तुमच्या छातीचं काढलंय का?"

आप्पांनी काहीतरी थट्टा करून फोन ठेवला.

तीच मोजणी मी कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून दिली. एप्रिलच्या शेवटी सरांनी मला बोलावलं. माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

"गुणाकार बरोबर आहे," सर म्हणाले. "पण तू नक्की काय मोजलंस?"

"दगडाचा साठा, सर."

"जमिनीत असलेला, की निघणारा?"

मला फरक कळला नाही. सरांनी पेन्सिलीनं खाणीचा उभा छेद काढला. मी काढलेली खाण डब्यासारखी होती, सरळ भिंती आणि सपाट तळ. तशी खाण कोणाला खणता येत नाही, ते म्हणाले. भिंत सरळ ठेवली तर अंगावर येते, म्हणून पायऱ्या पायऱ्यांनी खाली जावं लागतं आणि प्रत्येक पायरीच्या पोटात दगड अडकून राहतो. हद्दीच्या कडेनं पट्टा सोडावा लागतो, रस्त्याच्या बाजूनं जास्त. तो दगड तिथे असतो, पण तो हिशोबात धरायचा नाही. असं एकेक वजा करत त्यांनी पेन्सिल फिरवली आणि डब्याचं नरसाळं झालं.

"आणि खोली एका बोअरवरून घेतलीस. थर सगळीकडे सारखा असेल असं कोणी सांगितलं तुला? दुसऱ्या बाजूला तो वर चढलेला असला तर?"

मी मान खाली घातली. सर रागावले नव्हते. उलट म्हणाले, सगळेच पहिल्यांदा असंच करतात, दुरुस्त करून आण. मी दोन दिवस बसून दुरुस्त केलं. अकराचे सहा झाले. खाली मी एक वाक्यही लिहिलं, की थराची जाडी सर्वत्र समान नसल्यास हा काळ याहूनही कमी भरेल. ते वाक्य सरांना आवडलं. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला मिळाले.

मे महिन्यात परीक्षा संपवून घरी निघालो तेव्हा एक जूनला अजून अडीच आठवडे होते. तळेगावहून जीपमध्ये बसल्यावर मी मनात वाक्य जुळवत होतो. आप्पा, माझं जरा चुकलं होतं. आप्पा, सहाच भरतात, आणि तेही नक्की नाही. मामांना विचारा, जागा अजून आहे का.

जीपमधून उतरलो तर आप्पा पारावर बसलेले. त्या दिवशी लवकर सुटले असावेत. भोवती खाणीवरची चार माणसं होती. मला बघून त्यांनी हात वर केला.

"हा बघा, आला. ह्यानंच मोजलंय. कागद हाय माज्याकडं."

एकजण म्हणाला, "अकरा म्हंजी माजं रिटायर व्हायचं वय झालं की. शेठला सांगा, आमाला पेन्शन लागंल." सगळे हसले. आप्पाही हसले. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा क्वचित पाहिला होता. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर भुकटीचा पंजा उठला.

चार माणसांत नको, घरी जाऊन सांगू म्हटलं. घरी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. मग वाटलं, उद्या. मग स्वतःला सांगायला लागलो की सहा वर्षंही काही कमी नाहीत, तोवर मला नोकरी लागेल, काय फरक पडतो. हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं की त्यावर माझा जवळजवळ विश्वास बसला. पण खरं कारण ते नव्हतं. पारावर माझ्यासाठी जी जागा झाली होती ती मला सोडवत नव्हती. आमच्या घरात आजवर कोणी कागदावर काही लिहून द्यावं आणि चार माणसांनी ते मानावं, असं झालं नव्हतं. सुट्टीभर मी आप्पांच्या समोर जेवत होतो, त्यांच्या शेजारी अंगणात झोपत होतो. एक जूनला आप्पा नेहमीसारखे कामावर गेले.

पुढच्याच्या पुढच्या संक्रांतीनंतर आईचा फोन आला. खाण बंद पडली होती. मी तेव्हा पुण्यातच एमएस्सीला होतो.

घरी पोचल्यावर पिशवी ठेवून मी थेट खाणीवर गेलो. दोन दिवसांतच शेठनं क्रशरचे भाग सुटे करायला घेतले होते. क्रशर दुसरीकडे न्यायचा होता. मी दक्षिणेच्या बाजूनं खाली उतरलो. समोरच्या भिंतीत लाल पट्टा होता. उत्तरेकडून तो जमिनीखालून येत होता आणि दक्षिणेला तिरका वर चढत गेला होता. तिथे काळा दगड पंचवीस फूटही नव्हता. त्याच्या खाली ओल धरलेली लाल माती. बोटानं उकरली तरी निघत होती. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. सरांनी काढलेलं नरसाळंसुद्धा यापुढे फार मोठं होतं.

घरी आई कपडे धूत होती. मी तिला म्हणालो, "एवढा लाल पट्टा अचानक कसा लागला?"

"अचानक कुठला?" आई म्हणाली. "मला कवाचं ठावं हाय. ह्यांच्या कापडातनं आधी काळं पानी निघायचं. मग तांबडं निघाय लागलं. मी म्हनलं बी ह्यांना. तर म्हनले, तू गप, त्येला सांगू नगंस."

आप्पा आत बाजेवर पडले होते. मी जवळ बसलो.

"होलातनं लाल भुकटी येत व्हती?"

"यायची."

"कवापासनं?"

ते आढ्याकडे बघत राहिले. "झालं की दीड वरीस. तू सुट्टीला आलतास बघ, परीक्षा संपवून. त्या आठवड्यात पयल्यांदा आली. दक्षिणच्या अंगाला."

"मग बोलला का न्हाई, आप्पा?"

"काय बोलू?" ते उठून बसले. त्यांना दम लागला होता. "तू अकरा लिवलं व्हतंस. मला वाटलं, मधीच पट्टा आसंल एखादा, खाली परत काळा लागंल. शिकल्याल्या मानसानं मोजल्यालं. मी आपला होल मारनारा."

ड्रिलच्या थरथरीवरून दगड कुठे बदलतो हे त्यांना हातात कळायचं. भुकटीचा रंग बघून, पुढचे चार फूट कसे जातील हे ते सांगत आणि ते कधी चुकत नसे. मी वर्गात जे शिकत होतो ते त्यांच्या मनगटात होतं. आणि त्यांनी माझ्या कागदासाठी ते बाजूला ठेवलं. तेही अगदी त्याच आठवड्यात, जेव्हा माझ्या बॅगेत सहाचा आकडा होता. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तरी मामांना फोन गेला असता.

हे सगळं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं.

खाण बंद झाल्यावर आप्पा कांदा काढायला गेले, ऊस बांधणीला गेले. पण अर्ध्या दिवसात परत यायचे. चढ चढताना मध्ये दोनदा बसायचे. मामांनी पुन्हा एक जागा शोधली. या वेळी एका रोपवाटिकेत, रोपांच्या पिशव्या भरायचं काम. एरवी टोमणा मारणारे मामा या वेळी टोमणा न मारता बोलले, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वयाची अट नव्हती. फक्त छातीचा फोटो मागितला होता.

गेल्या आठवड्यात मी आप्पांना घेऊन नदी ओलांडून दौंडला गेलो. तिथे एका एक्स-रेवाल्याकडे नंबर लावला. आमच्या आधी सहा-सात जण होते. बाहेर बाकावर बसलो. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. ते भिंतीवरचे हाडांचे फोटो बघत होते.

"आप्पा," मी म्हणालो, "ते अकरा चुकीचं व्हतं."

"ते दिसलंच की."

"तसं न्हाई. मला आधीच कळलं व्हतं. सरांनी चूक काढली, मी दुरुस्त केली. सहा आली व्हती, आन् सहा पन नक्की न्हाईत, असं मीच लिवलं व्हतं. मे महिन्यात. जूनच्या आधी. मी घरी सांगितलं न्हाई."

समोरून एक बाई हात गळ्यात बांधलेल्या पोरीला घेऊन गेली. आप्पांनी पाय आत घेऊन तिला वाट दिली. मला वाटलं ते आता उठून जातील, किंवा मला काहीतरी बोलतील. मी त्याची तयारी केली होती.

"मग सरांनी मार्क कापलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. जास्त दिले."

"बरं झालं," आप्पा म्हणाले.

त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाण्याची बाटली हातात धरून बसलो. त्यांच्या त्या दोन शब्दांत राग होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला वाटतं नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांचा नंबर आला. ते आत गेले, दार अर्धं उघडंच राहिलं. आतून माणसाचा आवाज आला, "लांब श्वास घ्या. धरा. सोडू नका." लगेच खोकला. "परत. घ्या. धरा." पुन्हा खोकला. "बाबा, दोनच सेकंद धरायचाय. नाहीतर फोटो हलतो." असं चारदा झालं. पाचव्यांदा फोटो निघाला. आप्पा सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले, कपाळावर घाम होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. खाली रस्त्यावर येऊन आम्ही जीपची वाट बघत उभे राहिलो.

"उद्या मी न्हाई येत," आप्पा म्हणाले. "त्यातलं इंग्रजी मला काय कळनार? तू ये आन् वाचून घे."

"बरं."

जीप आली. आत जागा व्हायला वेळ लागला. एक पाय वर ठेवून ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् ह्या टायमाला जे लिवल्यालं आसंल, तेच सांग."